कामावरून विषयाकडे : बारावीनंतर मेजर आणि मायनर कसे निवडावेत

बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरेपर्यंत गोव्यातील विद्यार्थ्याच्या हाती फार थोडे दिवस असतात, आणि त्या दिवसांत घरात मुख्यतः कोणते कॉलेज, ते किती दूर, बस किती वाजता, मैत्रिणी कुठे जाणार, याच गोष्टींची चर्चा होते. या चौकशा अनावश्यक नाहीत. पेडण्याहून किंवा वाळपईहून रोज पणजीला ये-जा करणाऱ्या मुलीसाठी कदंबची पहिली बस हा गंभीर प्रश्न असतो. परंतु पदवीनंतर तीन किंवा चार वर्षांनी नोकरीच्या जाहिरातीतील पात्रतेची अट वाचताना उपयोगी पडते ते प्रमाणपत्रावर लिहिलेले मुख्य विषयाचे नाव. म्हणून हा लेख उलट्या दिशेने लिहिला आहे. आधी काम, मग त्या कामाची पात्रता, मग विषय आणि सर्वांत शेवटी महाविद्यालय, असा त्याचा क्रम आहे.

आधी रचना समजून घ्या

गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नवी पदवी रचना लागू झाली. ज्यांचे आईवडील किंवा मोठी भावंडे जुन्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. पद्धतीत शिकली, त्यांचा घरचा सल्ला त्यामुळे पुष्कळदा जुन्या रचनेवर आधारलेला असतो. नव्या रचनेत मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, आणि त्याखेरीज बहुविद्याशाखीय, भाषिक क्षमता, कौशल्य व मूल्याधारित असे छोटे अभ्यासक्रम असतात.

हे सगळे क्रेडिटमध्ये मोजले जाते. सत्रभर आठवड्याला एक तास याप्रमाणे सुमारे 15 तास व्याख्यान झाले की एक क्रेडिट होते. प्रात्यक्षिकासाठी त्याच्या दुप्पट तास लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 क्रेडिट लागतात. तीन वर्षांच्या 120 पैकी मेजरचे किमान 60 व मायनरचे 24 असतात, आणि उरलेली क्रेडिट छोट्या अभ्यासक्रमांत व इंटर्नशिपमध्ये विभागली जातात. या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. मेजर हा पदवीचा साधारण अर्धा भाग आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात विद्यार्थ्याला स्वतःच्या ध्येयाप्रमाणे बरेच काही जुळवता येते. पहिल्या सत्रात तर साधारण 20 क्रेडिटपैकी मेजरचे 4 च असतात. त्यामुळे ‘छोटे’ म्हणून जे विषय जागा शिल्लक असेल तिथे नाव घालून उरकले जातात, त्यांची गोळाबेरीज पहिल्या वर्षी मेजरपेक्षा मोठी होते.

पहिली पायरी : कामाचे नाव लिहा, क्षेत्राचे नव्हे

‘फार्मा’, ‘समुद्र’, ‘हॉटेल लाइन’, ‘सरकारी नोकरी’ ही क्षेत्रे आहेत. त्यांच्यावरून विषय ठरत नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एकाच औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेतील विश्लेषक, उत्पादन विभागातील अधिकारी, निर्जंतुकता तपासणारा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, हिशेबनीस आणि यंत्रांची देखभाल करणारा अभियंता अशी निरनिराळी माणसे असतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येकाची पदवी वेगळी असते. म्हणून कागदावर असे लिहावे की वाचणाऱ्याला तो माणूस सकाळी कामावर जाऊन काय करतो ते कळेल. एकच काम सुचत नसेल तर दोन लिहावीत, तीनपेक्षा जास्त लिहू नयेत.

सतरा-अठराव्या वर्षी आयुष्यभराचे काम ठरवता येत नाही, ही तक्रार रास्त आहे. येथे कागदावर लिहायचे ते बंधन नसून पुढच्या चौकशीचा आरंभ आहे. ते नाव वर्षभरात बदलले तरी चौकशी वाया जात नाही.

दुसरी पायरी : त्या कामाची पात्रता मूळ कागदावरून वाचा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. शेजारी, शिकवणीचे सर, नात्यातला कोणी कंपनीत असलेला दादा, यांच्याकडून माहिती जरूर घ्यावी; पण निर्णय घेण्यापूर्वी भरतीची जाहिरात, भरती नियम किंवा संबंधित परिषदेची नियमावली स्वतः वाचावी. गोवा लोकसेवा आयोग आणि गोवा कर्मचारी निवड आयोग यांच्या जुन्या जाहिराती यासाठी उत्तम आहेत, कारण त्यांत ‘अत्यावश्यक’ आणि ‘इष्ट’ पात्रता वेगवेगळ्या दिलेल्या असतात. ‘अत्यावश्यक’मधील एकही गोष्ट नसली तर बाकी गुण कितीही असोत, अर्ज बाद होतो.

पात्रता वाचू लागलात की कामांचे तीन गट पडतात.

पहिला गट परवान्याच्या कामांचा. डॉक्टर, परिचारिका, वास्तुविशारद, वकील, औषधनिर्माता यांच्यासाठी ठराविक व्यावसायिक पदवी किंवा पदविकाच लागते आणि दुसरी कोणतीही वाट नसते. यांतील बहुतेकांचे, आणि अभियंत्याचेही, दार अकरावीलाच ठरते: वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन व जीवशास्त्र, अभियांत्रिकीसाठी भौतिक व गणित. वकिलीला मात्र दोन वाटा आहेत, बारावीनंतर पाच वर्षांची एकत्रित पदवी किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. ज्याची खात्री झाली आहे त्याने मिरामार किंवा मडगावच्या विधी महाविद्यालयात पाच वर्षांचा मार्ग धरावा. ज्याची झालेली नाही त्याने आधी इतिहास, राज्यशास्त्र किंवा वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, म्हणजे मन बदलले तरी हाती काहीतरी पूर्ण राहते.

दुसरा गट विषयाने बांधलेल्या कामांचा, आणि गफलत होते ती याच गटात. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसण्यासाठी पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो, किंवा पदवी कृषी, वनशास्त्र अथवा अभियांत्रिकीची असावी लागते. बायोटेक्नॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी ही नावे या यादीत नाहीत. म्हादईच्या अभयारण्याच्या कुशीत वाढलेला, झाडांची आणि पक्ष्यांची नावे तोंडपाठ असलेला सत्तरीचा मुलगा ‘जीवशास्त्रच तर आहे’ असे म्हणून बायोटेक्नॉलॉजीला गेला, तर त्याच्या लक्षात ही गोष्ट पदवीच्या शेवटी येण्याची शक्यता आहे. त्याने वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र हाच मेजर घ्यावा.

औषध उत्पादनाचेही असेच आहे. औषध नियम 1945 नुसार औषधनिर्मितीवर देखरेख करणाऱ्या सक्षम तांत्रिक व्यक्तीसाठी जी पात्रता सांगितली आहे, तिच्यात औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर 18 महिन्यांच्या अनुभवाने बसतो, तर विज्ञानाचा पदवीधर रसायनशास्त्र हा प्रमुख विषय असेल तर तीन वर्षांच्या अनुभवाने बसतो. म्हणजे बी.एस्सी. करूनही तिथवर पोचता येते. मात्र ‘प्रमुख विषय’ ही अट असल्यामुळे रसायनशास्त्र मायनर ठेवून ही वाट धरणे धोक्याचे ठरते. कुंडई, वेर्णे, डिचोली या वसाहतींत नोकरी करण्याचा विचार असलेल्यांनी ही एक ओळ अवश्य ध्यानात ठेवावी.

शिक्षकी पेशाला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: तुमचा मेजर शाळेत शिकवला जातो का? माध्यमिक शाळेतील शिक्षकाला शालेय विषयातील पदवी आणि बी.एड. लागते, हायर सेकंडरीसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. मराठी, गणित, इतिहास, भूगोल यांचे पदवीधर सरळ बसतात. मानसशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजीच्या पदवीधराला दहावीपर्यंतच्या शाळेत जागा शोधणे कठीण जाते. मानसशास्त्राचा उल्लेख निघालाच आहे तर सांगायला हवे की बी.ए. मानसशास्त्र केल्याने समुपदेशनाचा किंवा उपचाराचा अधिकार मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी पुढे भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. या विषयाला अलीकडे मोठी मागणी आहे, आणि तो घेणाऱ्यांनी पदवीनंतरची पुढची काही वर्षे आधीच हिशेबात धरावीत.

तिसरा गट ‘कोणतीही पदवी’ चालणाऱ्या कामांचा आहे. नागरी सेवा परीक्षा, बँकांतील अधिकारी व कारकून पदे, राज्य सरकारातील पुष्कळ लिपिकीय व प्रशासकीय पदे यात येतात. येथे मेजर तुम्हाला पात्र करत नाही, त्यामुळे ज्या विषयात तुम्ही मन लावून चांगले गुण मिळवाल तो घ्यावा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांत मराठी आणि कोंकणी साहित्य, इतिहास, भूगोल, भूविज्ञान, राज्यशास्त्र हे सर्व आहेत. मेजर आणि वैकल्पिक विषय एकच ठेवला तर तीन वर्षांचा अभ्यास परीक्षेलाही पुरतो.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांना बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा किंवा पदवीनंतर थेट प्रवेश असे दोन मार्ग आहेत. थेट प्रवेशासाठी वाणिज्य पदवीधराला 55 टक्के आणि इतर पदवीधराला 60 टक्के गुण लागतात. जहाजावर जाण्याची परंपरा असलेल्या तारवटी घरांतील मुलांनी अधिकारी व्हायचे असेल तर बारावीला भौतिक, रसायन व गणित हे विषय असले पाहिजेत, आणि महाविद्यालयाचा विचार करण्यापूर्वी डोळ्यांची व रंगदृष्टीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

तिसरी पायरी : मेजर ठरवा

काही ध्येयांना एकच मेजर पोचवतो, काहींना चार पोचवतात. दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून आहे आणि वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तिथे संशोधन करण्याचे स्वप्न गोव्यातील पुष्कळ मुले पाहतात आणि ‘समुद्रविज्ञान’ याच नावाची पदवी शोधत राहतात. प्रत्यक्षात या शास्त्राच्या भौतिक, रासायनिक, जैविक व भूवैज्ञानिक अशा चार शाखा आहेत. प्रवाह, लाटा आणि मॉन्सून यांचा अभ्यास करायचा तर भौतिकशास्त्र व गणित पक्के हवे. समुद्रतळाच्या गाळाचा करायचा तर भूविज्ञान. माशांचा आणि प्लवकांचा करायचा तर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र. तेव्हा प्रश्न समुद्र आवडतो की नाही हा उरत नाही, पाण्याकडे कोणत्या शास्त्राच्या अंगाने पाहायला आवडते हा ठरतो, आणि समुद्राची खास विद्या पदव्युत्तर पातळीवर गोवा विद्यापीठात घेता येते.

मेजर पक्का करण्यापूर्वी त्या विषयाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून उघडून वाचावा. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सर्वत्र ओळखीचा वाटतो. विषयाचे खरे रूप पाचव्या आणि सहाव्या सत्रात दिसते. अर्थशास्त्र घेणाऱ्याला तिथे गणित व संख्याशास्त्र भेटते, मराठी घेणाऱ्याला भाषाविज्ञान भेटते. ती शीर्षके वाचून कुतूहल वाटले तर विषय तुमचा आहे असे समजावे.

आजच्या तेजीवरून मेजर निवडू नये. गोव्यातील खाणी 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये न्यायालयीन आदेशांमुळे बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील घराघरांना त्याची झळ बसली. त्या काळातही ज्याचे शिक्षण भूविज्ञानासारख्या मूळ विषयात झाले होते, त्याला भूजल, बांधकामाची पायाभरणी, किनारपट्टीची धूप अशा दुसऱ्या कामांकडे वळण्याची सोय होती. एका उद्योगापुरते शिकलेल्याला ती सोय कमी होती. पर्यटनाच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेसारख्या ठिकाणचे शिक्षण चांगलेच आहे. पण ज्याला पाककलेत किंवा पाहुण्यांच्या सेवेत खरोखर रस नाही, केवळ ‘गोव्यात हॉटेले पुष्कळ’ म्हणून जो जातो, त्याने वाणिज्य किंवा भाषेचा मेजर घेऊन पर्यटनाचा मायनर घेणे अधिक शहाणपणाचे.

आता कुठे महाविद्यालयाचा प्रश्न येतो. सर्व विषय सर्वत्र नाहीत. भूविज्ञान मिरामारच्या धेंपे आणि मडगावच्या चौगुले यांसारख्या मोजक्याच महाविद्यालयांत शिकवले जाते, तर साखळी, खांडोळा, केपे आणि पेडणे येथील सरकारी महाविद्यालये विद्यार्थ्याला घराजवळ व कमी खर्चात शिकण्याची सोय देतात. काम तिसऱ्या गटातले असेल तर जवळचे सरकारी महाविद्यालय निःसंकोच घ्यावे, कारण प्रवासातले वाचलेले दोन-तीन तास अभ्यासाला मिळतात. काम दुसऱ्या गटातले असेल तर विषयासाठी दूर जावे, वसतिगृहाची चौकशी करावी, आणि पैशांची अडचण असल्यास गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची माहिती घ्यावी.

चौथी पायरी : मायनर आणि छोटे अभ्यासक्रम जुळवा

मायनर निवडताना एकच कसोटी लावावी: मेजरने जे काम करता येईल त्यात मायनरमुळे काय भर पडेल? वनस्पतिशास्त्राला प्राणिशास्त्राची जोड स्वाभाविक आहे, पण पर्यावरण विभागात किंवा सर्वेक्षणात काम करायचे असेल तर भूगोलाची, विशेषतः संगणकीय नकाशाशास्त्राची जोड जास्त उपयोगी पडते. अर्थशास्त्राला संख्याशास्त्र जोडले की भारतीय सांख्यिकी सेवेचे दार उघडू शकते, कारण त्या परीक्षेला पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो.

गोव्यापुरता एक सल्ला मी आग्रहाने देईन. इतिहास किंवा वकिलीकडे जाणाऱ्यांनी पोर्तुगीज भाषा मायनर म्हणून, ते शक्य नसल्यास छोट्या अभ्यासक्रमातून शिकावी. 1961 पूर्वीचे जमिनीचे, वारसाहक्काचे आणि कोमुनिदादींचे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांचे) बरेचसे कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि गोव्याच्या कौटुंबिक व वारसा कायद्याचे मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. तो कागद स्वतः वाचू शकणारा तरुण वकील आणि भाषांतरकाराकडे पाठवून वाट पाहणारा वकील यांत अशिलाला फरक लगेच कळतो. त्याचप्रमाणे मराठी व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मोडी लिपी शिकण्याची संधी सोडू नये, कारण पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी कागदपत्रेही आहेत आणि ती सफाईने वाचणारे हात थोडे आहेत.

भाषिक क्षमतेचा अभ्यासक्रम निवडताना सरकारी नोकरीची इच्छा असलेल्यांनी भरती नियम आठवावेत. बहुतेक पदांना 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, कोंकणीचे ज्ञान अत्यावश्यक असते आणि मराठीचे इष्ट असते. मराठी शाळेत शिकलेली आपली मुले घरी-दारी कोंकणी सहज बोलतात, पण देवनागरी कोंकणीत पानभर मजकूर लिहायची वेळ आली की अडखळतात. भाषेचा पर्याय उपलब्ध असेल तर या मुलांनी तिथे कोंकणी घ्यावी. मराठी आपल्याकडे आहेच.

मराठी मेजर घेणाऱ्यांच्या पालकांना भविष्याची काळजी वाटते, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. अध्यापन, वृत्तपत्रे, भाषांतर, आकाशवाणी, संपादन ही कामे आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकांना मराठीसोबत दुसरी एखादी गोष्ट लागते. इंग्रजीतून मराठीत अचूक भाषांतर करता येणे, संगणकावर युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन व मुद्रितशोधन करता येणे, बातमीसाठी अर्थसंकल्प किंवा न्यायालयाचा निकाल वाचता येणे, यांपैकी दोन गोष्टी कौशल्य अभ्यासक्रमांतून आणि मायनरमधून मिळवल्या तर मराठीचा पदवीधर कोणापेक्षाही कमी ठरत नाही.

इंटर्नशिपची क्रेडिट ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणून भरू नयेत. पहिल्या पायरीला कागदावर लिहिलेले काम जिथे चालते तिथेच जावे, मग ती कारखान्याची प्रयोगशाळा असो, वृत्तपत्राचे कार्यालय असो की वकिलाची खोली. ते काम आपल्याला मानवते की नाही हे नोकरी लागण्यापूर्वी कळण्याची ही एकमेव संधी आहे.

पाचवी पायरी : तीन वर्षे की चार

बी.एड., तीन वर्षांचा एलएल.बी., बँक किंवा स्पर्धा परीक्षा यांकडे जाणाऱ्यांना तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. संशोधनाकडे जाणाऱ्यांनी चौथ्या वर्षाचा विचार करावा. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात, आणि 75 टक्क्यांची चार वर्षांची पदवी असणाऱ्याला पीएच.डी.साठी नेट परीक्षेला बसता येते. याचा अर्थ संशोधक होऊ इच्छिणाऱ्याने पहिल्या सत्रापासूनच गुण सांभाळायचे आहेत. पहिले वर्ष ‘रुळायला’ म्हणून सोडून दिले तर ती सरासरी पुढे वर काढणे जड जाते.

निवड चुकली असे वाटल्यास

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राच्या अखेरीस त्याच व्यापक विद्याशाखेत मेजर बदलण्याची तरतूद आहे. महाविद्यालयात जागा आणि विद्यापीठाचे नियम यांवर ते अवलंबून राहते, म्हणून दुसऱ्या सत्राच्या परीक्षेची वाट न पाहता त्याआधीच विभागप्रमुखांना भेटावे आणि अर्जाची मुदत लेखी विचारून घ्यावी. बदलाची शक्यता पहिल्यापासून मनात असेल तर ज्याच्याकडे वळावेसे वाटते तोच विषय मायनर ठेवावा. त्याची क्रेडिट अशा वेळी कामी येऊ शकतात. एका वर्षानंतर शिक्षण थांबवावे लागल्यास 40 क्रेडिट आणि 4 क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम यांवर प्रमाणपत्र, आणि दोन वर्षांनंतर 80 क्रेडिट व तसाच अभ्यासक्रम यांवर पदविका मिळण्याची सोय आहे. त्यासाठी प्रवेश होताच अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा ठेवणारे ऑनलाइन खाते डिजिलॉकरमधून उघडावे, त्यातील नाव व जन्मतारीख बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते का ते पाहावे, आणि प्रत्येक सत्राचा निकाल लागल्यावर क्रेडिट जमा झाली की नाही हे तपासून, झाली नसतील तर त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी कळवावे.